पंपाच्या लाइनीचं कनेक्टर: अर्धवट बसणं अशक्य करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी वापरायच्या एका छोट्या इन्फ्युजन पंपावर, म्हणजे ठरलेल्या वेगाने शिरेत औषध सोडणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्या तरुण टीमला ल्युअर लॉक, म्हणजे सिरिंज आणि नळ्या जोडायचा आट्यांचा प्रचलित सांधा, नकोसं झालं आहे. आटे फिरवायला वेळ लागतो, ग्लोव्हज घातलेल्या हाताला नीट पकड मिळत नाही आणि घरच्या माणसांना तर ते पुरतं घट्ट झालं की नाही हेच कळत नाही, असं त्यांना पाहणीत दिसलं. म्हणून दाबलं की 'टक्' करून बसणारं स्वतःचं कनेक्टर करायचा विचार आहे. शंका अशी की जे बसवायला सोपं ते सुटायलाही सोपं होईल, मग सुरक्षिततेचं काय?

आयव्ही सेट, थ्री-वे (तीन वाटांचा छोटा नळ), एक्स्टेन्शन लाइन आणि पंपाचे सेट यांच्या डिझाइनमध्ये माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या अनुभवावरून उत्तर देतो. रुग्णाच्या टोकाला नवीन काही करू नका, तिथे ल्युअर लॉकच ठेवा. पंपाच्या टोकाला मात्र तुमची कल्पना जरूर वापरा. सोपेपणा विरुद्ध सुरक्षितता अशी मांडणीच मला पटत नाही. पूर्ण बसलेलं कनेक्टर सहसा दगा देत नाही. पूर्ण सुटलेलं निदान डोळ्यांना दिसतं. माणसांना इजा होते ती या दोहोंच्या मधल्या अवस्थेत, म्हणजे बसल्यासारखं वाटतं पण बसलेलं नसतं तेव्हा. डिझाइनचा सगळा जोर ही मधली अवस्था नाहीशी करण्यावर लावा. ते साधलं की कनेक्टर वापरायला आपोआपच सोपं होतं, कारण वापरणाऱ्याच्या मनातली शंका जाते.

आधी ल्युअरची रचना नीट समजून घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधल्या ल्युअर या उपकरणकारांच्या काचेच्या सिरिंजबरोबर हा सांधा रूढ झाला. त्याचा गाभा म्हणजे ६ टक्के उताराचा शंकू, म्हणजे १०० मिलिमीटर लांबीला व्यास ६ मिलिमीटरने कमी. अर्धा कोन जेमतेम १.७ अंश भरतो. घर्षणाच्या मानाने हा कोन इतका लहान आहे की शंकू आत दाबला की स्वतःच अडकून बसतो. गळती थांबवण्याचं काम शंकू करतो, आटे नव्हे. आट्यांचं काम एवढंच की शंकूला आत ढकलायचं आणि मागे सरकू द्यायचं नाही. हा फरक अनेक डिझायनरांच्या लक्षात येत नाही आणि मग ते आट्यांच्या घट्टपणालाच सील समजतात.

आता आकडे पाहा. ल्युअर लॉकचे आटे दुहेरी असतात, एका पूर्ण फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे नेणारे. पाव फेरा म्हणजे १.२५ मिलिमीटर. ६ टक्के उतारावर त्याचा अर्थ व्यासात ०.०७५ मिलिमीटरचा फरक. बसलेला सांधा आणि गळणारा सांधा यांच्यात अंतर आहे ते एवढंच. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. रात्रपाळीच्या सिस्टरने टॉर्च मारून पाहिलं तरी पाव फेरा कमी राहिलाय हे तिला दिसणार नाही. शिवाय प्लास्टिक ताणाखाली हळूहळू सैलावतं. संध्याकाळी घट्ट असलेला शंकू पहाटेपर्यंत थोडी पकड सोडतो. सांधा औषधाने ओला असेल तर घर्षण आणखी कमी. पूर्ण फिरवलेल्या सांध्यात आटे ही कसर भरून काढतात. पाव फेरा कमी राहिलेला सांधा केवळ शंकूच्या पकडीवर उभा असतो, आणि तोच रात्री सुटतो.

उलट चूक म्हणजे अति घट्ट करणं, आणि ती होते पहिल्या चुकीच्या भीतीपोटी. सैल राहू नये म्हणून जोर लावला जातो, मग सांधा उघडेना म्हणून आर्टरी फोर्सेप्स (शस्त्रक्रियेचा चिमटा) लावून फिरवला जातो. आपल्याकडच्या वॉर्डांत हे रोजचं दृश्य आहे आणि त्यात सिस्टरचा दोष मला दिसत नाही. तिला दुसरं हत्यार दिलेलंच नाही. पण त्या चिमट्याच्या दातांनी कॉलरवर, म्हणजे आटे असलेल्या बाहेरच्या कड्यावर, ओरखडा पडतो, पॉलिकार्बोनेट असेल तर त्या ओरखड्यातून बारीक तडा सुरू होतो, त्यावर स्पिरिटचा स्वॅब फिरतो आणि त्याच लाइनीतून चरबीयुक्त इमल्शन जात असेल तर तडा झपाट्याने वाढतो. पॉलिकार्बोनेटचे थ्री-वे लिपिड इमल्शनने तडकतात हे या क्षेत्रात जुनं आणि पक्कं ज्ञान आहे. तरीही नव्या टीमा स्वच्छ, काचेसारखं दिसतं म्हणून तेच मटेरियल निवडतात. तुमच्या पंपातून कोणकोणती औषधं जाणार याची यादी मटेरियल ठरवायच्या आधी करा. अल्कोहोल त्या यादीत पहिलं लिहा, कारण औषध कुठलंही असो, स्वॅब फिरणारच.

गळतीचं गांभीर्य समजण्यासाठी पंपाच्या एका मर्यादेकडे बघावं लागतं. साधा इन्फ्युजन पंप लाइनीतला दाब मोजतो. दाब वाढला की अडथळा आहे असं तो ओळखतो आणि अलार्म देतो. सांधा गळत असेल तर दाब वाढत नाही, उलट औषधाला बाहेर पडायला मोकळी वाट मिळते. पंप निमूटपणे चालत राहतो आणि स्क्रीनवर दर तासाचा आकडा बरोबर दिसतो. नवजात बाळाला तासाला १ मिलिलिटर या वेगाने औषध चाललं असेल आणि सांध्यातून एक थेंब पडला, तर साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर या हिशेबाने बाळाला तीन मिनिटांचं औषध मिळालंच नाही. ते औषध नॉरॲड्रेनॅलिन असेल तर रक्तदाब काही मिनिटांतच घसरतो, कारण शरीरात ते फार काळ टिकतच नाही. आणि सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी, पूर्ण सुटली तर प्रश्न औषधाचा राहत नाही. १४ गेजच्या (जाड सुईएवढ्या) मार्गातून केवळ ५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबफरकाने सेकंदाला सुमारे १०० मिलिलिटर हवा आत जाऊ शकते. एक खोल श्वास पुरतो.

इथून माझ्या उत्तराचा सगळ्यात महत्त्वाचा भाग सुरू होतो. पंप गळती ओळखू शकत नाही, पण अडथळा ओळखतो. मग तुमचं नवं कनेक्टर असं करा की ते पूर्ण बसल्याशिवाय मार्गच उघडणार नाही. आत सिलिकॉनची चीर असलेली पाकळी किंवा छोटा व्हॉल्व्ह ठेवा, जो लॅच (दोन्ही भाग अडकवणारी खिट्टी) लागण्याच्या शेवटच्या टप्प्यातच उघडेल. अर्धवट बसलं तर औषध बाहेर सांडणार नाही, आतही जाणार नाही, दाब वाढेल आणि पंप ओरडेल. ज्या बिघाडाचा पंपाला पत्ता लागत नव्हता त्याचं तुम्ही पंपाला कळणाऱ्या बिघाडात रूपांतर केलंत. एका सिलिकॉनच्या तुकड्याकडून याहून मोठं काम करून घेता येत नाही.

यात एक अडचण आहे आणि ती लपवून उपयोग नाही. वेग फार कमी असेल तर अडथळ्याचा अलार्म उशिरा येतो. तासाला १ मिलिलिटरच्या आसपास, लवचीक नळी आणि मोठी सिरिंज असेल तर तो यायला तास किंवा त्याहूनही जास्त लागू शकतो, आणि तोवर नळीत दाबाखाली साठलेलं औषध अडथळा सुटताच एकदम आत जातं. म्हणून कमी वेगाच्या पंपात केवळ व्हॉल्व्हवर विसंबू नका. पंपाच्या टोकाचा सांधा तुमच्या ताब्यात आहे, तिथे लॅच पूर्ण लागल्याची खूण देणारा सेन्सर बसवा. लॅचच्या शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरमध्येच जो चालू होईल असा. नळी खाचेत ठेवली आहे एवढंच सांगणारा सेन्सर या कामाचा नाही. लॅच लागला नसेल तर पंपाने सुरूच होऊ नये.

आता तुमच्या 'टक्'कडे. पाठवलेल्या चित्रात तुम्ही ल्युअरचाच शंकू ठेवून बाहेर स्नॅप लॉक दिला आहे, म्हणजे फिरवण्याऐवजी दाबायचं. हे जमणार नाही, आणि कारण साधं गणित आहे. साच्यातून निघणाऱ्या तुकड्याच्या व्यासात ०.०५ मिलिमीटरचा फरक पडला, तर ६ टक्के उतारावर शंकू बसण्याची जागा ०.८ मिलिमीटरहून जास्त पुढे-मागे सरकते. स्नॅपची जागा मात्र ठरलेली असते. त्यामुळे काही नगांत 'टक्' आधी होईल आणि शंकू सैल राहील, काहींत शंकू आधी अडकेल आणि 'टक्' होणारच नाही. पहिला प्रकार जीवघेणा, कारण आवाजाने खोटी खात्री दिली. शंकू आणि 'टक्' यांची सोयरीक जमत नाही. आटे ही अडचण सहज पेलतात, कारण आट्यांना ठरलेली शेवटची जागाच नसते, शंकू बसेल तिथपर्यंत ते जातात.

स्नॅप हवा असेल तर सील बदला. सरळ दंडगोल टोक आणि त्याभोवती रबरी कडी किंवा पातळ ओठाचं सील वापरा. त्याला पुढे-मागे मिलिमीटरभर सरकल्याने फरक पडत नाही, व्यासाच्या दिशेने दाब टिकला की झालं. यातही मला ओठाचं सील जास्त आवडतं, कारण आतला दाब वाढला की ओठ भिंतीला अधिक चिकटतो, आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरसारखा. मग क्रम ठरवा: आधी सील लागलं पाहिजे, मग मार्ग उघडला पाहिजे, शेवटी 'टक्'. सगळ्यात मोठं भोक आणि सगळ्यात बारीक टोक एकत्र आले तरी हा क्रम मोडता कामा नये. कागदावर टॉलरन्सची, म्हणजे मापांत चालणाऱ्या फरकांची, बेरीज करून हे आधी सिद्ध करा, साच्याची ऑर्डर नंतर द्या.

लॅच लागेपर्यंत दोन्ही भाग एकमेकांना ढकलत राहिले पाहिजेत. सिलिकॉनची पाकळी दबताना जो उलटा जोर देते तोच इथे कामी येतो. हात सोडला आणि लॅच लागलेला नसेल, तर कनेक्टर चक्क बाहेर आलं पाहिजे. मधेच टेकून राहायला त्याला जागाच ठेवू नका. यासाठी ढकलणारा जोर सीलच्या घर्षणापेक्षा जास्त हवा, आणि तो हिशेब नव्या, कोरड्या कनेक्टरवर करून भागत नाही. डेक्स्ट्रोजचं (साखरेचं) सलाइन सुकून चिकट झालेल्या कनेक्टरवर करा. घरच्या वापरात ते तसंच असतं.

जोडायची हालचाल एक असावी, सोडायच्या दोन. दाबलं की बसतं, पण सोडायला दोन्ही बाजूंचे कान चिमटीत धरून मग ओढावं लागतं. या दोन क्रिया अंथरुणात कूस बदलताना किंवा बाळाने पाय झाडताना एकदम घडत नाहीत. पण कान इतके कडक करू नका की संधिवाताच्या बोटांना दाबता येणार नाहीत. कनेक्टर बारीक आणि देखणं करण्याचा मोह औद्योगिक डिझायनरांना फार होतो. पकडीचा भाग बोटभर लांब, चपटा आणि खडबडीत ठेवा. गोल, गुळगुळीत, बारीक नळकांडं ओल्या ग्लोव्हजमध्ये फिरतं आणि तिथेच पाव फेरा कमी राहतो.

रुग्णाच्या टोकाला ल्युअर लॉकच का, हे आता सांगतो. हातातली कॅन्युला तुम्ही बनवलेली नसते. रुग्ण तुमच्या पंपासकट ॲम्ब्युलन्समध्ये जाईल, दुसऱ्या दवाखान्यात जाईल, तिथे रात्री कोणीतरी साध्या सिरिंजने औषध देऊ पाहील. तुमचं टोक वेगळं असेल तर ॲडॅप्टर लागेल, आणि तो ॲडॅप्टर नेमका तेव्हा सापडणार नाही. सापडला तर तोच चुकीच्या जोडणीचा मार्ग बनेल. त्वचेखाली औषध देणाऱ्या सेटची गोष्ट वेगळी आहे. तिथे त्वचेवरचा तळ आणि त्यात बसणारं टोक दोन्ही एकाच निर्मात्याचे असतात, म्हणून तिथे स्वतःचा सांधा चालतो. तुमचा पंप शिरेतून औषध देतो.

चुकीच्या जोडणीचा विषय आलाच आहे तर त्यावर थांबायला हवं, कारण या क्षेत्रातली सगळ्यात दुःखद पानं तीच आहेत. ल्युअर सगळीकडे बसतं हा त्याचा गुण, आणि हाच त्याचा घात. एके काळी शीर, पाठीचा कणा, पोटात अन्न पोचवणारी नळी, रक्तदाबाचा पट्टा, सगळ्यांना तेच टोक होतं. अन्नाच्या नळीतलं दूध शिरेत गेलं आहे, रक्तदाबाच्या पट्ट्याची नळी कॅन्युलाला जोडली जाऊन हवा शिरेत गेली आहे. व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगाचं औषध फक्त शिरेतून द्यायचं असतं, कण्यातल्या द्रवात गेलं तर जवळजवळ हमखास जीव घेतं. २००१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या एका मोठ्या रुग्णालयात अठरा वर्षांच्या मुलाचा असाच मृत्यू झाला. त्याआधीही असे मृत्यू झाले होते. सिरिंजवर इशारे होते, नियम होते, प्रशिक्षण होतं. तरी टोक बसत होतं, म्हणून ते बसलं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या पिशवीत पातळ करून द्या. पिशवी कोणी कण्याच्या सुईला जोडायला जात नाही. म्हणजे लेबलाने जे साधलं नव्हतं ते आकाराने साधायचं ठरवलं.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ८०३६९ ही मानकांची मालिका याच विचारातून आली. शिरेसाठी ल्युअर राहिलं, ते भाग ७ मध्ये आहे. भाग ३ मध्ये अन्नाच्या नळीचं एनफिट आलं, त्यात नर-मादी उलटे केले आणि आकार मोठा केला. भाग ६ मध्ये कण्यासाठीचं एनआरफिट आलं, त्याचा शंकू ५ टक्के उताराचा आणि ल्युअरपेक्षा बारीक आहे. रंगही आले, एनफिटला जांभळा आणि एनआरफिटला पिवळा असं सहसा दिसतं, पण रंग शोधायला मदत करतो, चूक थांबवत नाही. तुमच्या पंपाच्या टोकाचं नवं कनेक्टर या मालिकेतल्या कुठल्याही टोकात बसत नाही हे तुम्हाला भाग १ प्रमाणे दाखवावं लागेल. केवळ कॅडवर, म्हणजे संगणकावरच्या चित्रात, नव्हे, प्रत्यक्ष हाताने जोर लावून आणि फिरवून. त्यातली एक अट अनेकांच्या नजरेतून निसटते: जोडणीच्या भागाचं मटेरियल पुरेसं ताठ हवं, लवचिकता गुणांक ७०० मेगापास्कलच्या वर. मऊ प्लास्टिकचं टोक कशावरही ताणून बसवता येतं, मग आकार कितीही वेगळा असो. मऊ आणि पकडायला छान असं काही हवं असेल तर ते बाहेरच्या आवरणात द्या.

पंपाच्या टोकाला स्वातंत्र्य आहे, पण तिथे इतर कामंही येऊन चिकटतात. मेडट्रॉनिकच्या इन्सुलिन पंपांच्या सेटचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. त्यांच्या साठवणीच्या कुपीला जोडणाऱ्या टोपीवजा कनेक्टरमध्ये हवेचा दाब समतोल ठेवणारी बारीक छिद्रं आणि पडदा असतो. भरताना किंवा प्राइम करताना (नळीतली हवा काढताना) त्यावर द्रव सांडला तर ती छिद्रं तात्पुरती बंद होतात, दाबाचा समतोल बिघडतो आणि इन्सुलिन जास्त किंवा कमी जाऊ शकतं. २०१३ मध्ये यावरून रिकॉल झाला आणि पडद्याच्याच प्रश्नावरून २०१७ मध्ये पुन्हा. म्हणजे सांधा गळत नव्हता, सुटत नव्हता, तरी धोका होता. तुमच्या चित्रात कुपीच्या कडेला असंच एक छिद्र आहे. रुग्ण टेबलावर कुपी भरताना थेंब कुठे सांडेल याचा विचार करून ते छिद्र उंच आणि आडोशाला न्या, आणि ओलं झाल्यावर काय होतं याची चाचणी घ्या.

सुई नसलेली टोकं, म्हणजे नीडल-फ्री कनेक्टर, तुम्ही मधल्या सांध्याला सुचवली आहेत. चांगली कल्पना आहे, फक्त वरचा पृष्ठभाग सपाट आणि भेगा नसलेला निवडा. स्वॅब घासताना कडेच्या खाचेत तो पोचत नसेल तर तिथे जंतू राहतात आणि पुढच्या सिरिंजबरोबर थेट शिरेत जातात. घासायला दहा-पंधरा सेकंद आणि मग सुकायला वेळ, एवढा धीर गर्दीच्या वॉर्डात फार थोड्यांकडे असतो. म्हणून दोनदा घासून स्वच्छ होणारा आकारच खरा सुरक्षित. सिरिंज काढताना टोक रक्त मागे ओढतं, पुढे ढकलतं की जवळपास स्थिर ठेवतं, यावर प्रकार पडतात. पुढे ढकलणाऱ्या प्रकाराबद्दल रक्तप्रवाहातल्या संसर्गाची शंका आल्याने २०१० मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामकाने निर्मात्यांना बाजारातल्या वापरावर अभ्यास करायला लावला होता. आतली रचना जितकी साधी आणि कोपरे जितके कमी, तितकं बरं.

ओढलं गेल्यावर काय व्हावं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा. ल्युअर लॉकला चाचणीत ३५ न्यूटनची ओढ सोसावी लागते. रुग्ण उठून चालू लागला आणि लाइन कॉटच्या दांडीत अडकली तर त्याआधी हातावरची चिकटपट्टी आणि कॅन्युला निघून येते. घरच्या पंपात हे वारंवार होणार. यावर ठरावीक ओढीला स्वतःहून सुटणारे आणि सुटताच दोन्ही टोकं बंद करणारे सांधे निघाले आहेत. तुमच्या स्नॅप कनेक्टरला व्हॉल्व्ह आहेच, मग दोन्ही बाजूंना बंद होणारा व्हॉल्व्ह देऊन ही सोय त्यात बसवता येईल. पण सेंट्रल लाइनवर ती वापरायची की नाही हा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्या, अभियंत्यांनी एकट्याने घेऊ नये.

साच्याबद्दल. भोसरी-चाकणच्या टूलरूमांत उत्तम कारागीर आहेत, पण त्यांना ड्रॉइंग देताना सीलच्या पृष्ठभागावर पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ) येणार नाही, गेट (प्लास्टिक आत शिरण्याची जागा) येणार नाही आणि इजेक्टर पिनची (नग बाहेर ढकलणाऱ्या दांड्याची) खूण येणार नाही, हे तीन मुद्दे ठळक लिहा. सीलवर केसाएवढा फ्लॅशही (साच्याच्या फटीतून आलेला प्लास्टिकचा पापुद्रा) गळती करतो. आतल्या आट्यांसाठी फिरून बाहेर निघणारा कोअर महाग पडतो म्हणून आटे जोराने ओढून काढायचा सल्ला मिळेल. मऊ मटेरियलला ते चालतं, इथे ते नाकारा. नळी चिकटवायला सायक्लोहेक्सॅनोन वापरणार असाल तर जास्तीचं सॉल्व्हंट कनेक्टरच्या भिंतीत ताणाचे तडे सुरू करतं. ते दिसतात आठवड्यांनी, तेव्हा माल गोदामातून गेलेला असतो. चाचण्या निर्जंतुकीकरणानंतरच्या आणि कृत्रिमरीत्या जुन्या केलेल्या नगांवर घ्या. साधं पॉलिप्रोपिलिन गॅमा किरणांनी ठिसूळ होतं, ईटीओला (इथिलीन ऑक्साइड वायूला) टिकतं.

चाचण्यांची पद्धत आयएसओ ८०३६९-२० मध्ये दिली आहे: ३०० किलोपास्कलच्या वरच्या दाबाला गळती, हवा आत ओढली जाते का, ओढ, उलट फिरण्याचा ०.०२ न्यूटन-मीटरच्या आसपासचा जोर, आटे ओलांडून घसरणं, ताणाखाली ४८ तास ठेवून तडे. यातला उलट फिरण्याचा मुद्दा तुमच्यासाठी महत्त्वाचा. गुंडाळून पॅक केलेल्या पीव्हीसी नळीत गुंडाळी मुरलेली असते, ती सरळ होताना सांध्याला सतत पीळ देत राहते. म्हणून रुग्णाच्या टोकाला मोकळी फिरणारी कॉलर द्या, म्हणजे जोडताना नळी पिळली जाणार नाही. त्या कॉलरची एक खोड आहे: शंकू पुढे न ढकलता नुसती कॉलर फिरवली तर ती घट्ट लागल्यासारखी वाटते. कॉलर पुढे सरकताना शंकूला खांद्याने ढकलेल असा टप्पा आत ठेवा.

या सगळ्या चाचण्या पास झाल्या तरी कनेक्टर वापरण्यायोग्य झालं असं मी म्हणणार नाही. त्या चाचण्यांत जोडणी ठरलेल्या जोराने मशीन करतं. आयईसी ६२३६६-१ या वापरसुलभतेच्या मानकाप्रमाणे माणसांबरोबर चाचणी घ्या. सुरुवातीला सहा-आठ जण पुरतात, शेवटच्या चाचणीसाठी एफडीए प्रत्येक प्रकारच्या वापरकर्त्यांतून किमान १५ जण मागते, म्हणजे नर्स वेगळ्या आणि घरची माणसं वेगळी मोजायची. ग्लोव्हज ओले, उजेड कमी, शेजारी दुसऱ्या पंपाचा अलार्म वाजतोय, तीन लाइनी एकत्र आहेत, अशी परिस्थिती उभी करा. 'आवडलं का' विचारू नका, सगळे भिडेपोटी हो म्हणतात. त्याऐवजी जोडणी करून घ्या आणि मग दुसऱ्या व्यक्तीला हात न लावता सांगायला लावा, बसलंय की नाही. काही जोडण्या तुम्ही मुद्दाम अर्धवट ठेवा. नुसत्या नजरेने त्या ओळखता आल्या नाहीत तर डिझाइन परत टेबलावर. लॅच लागल्यावरच पूर्ण झाकली जाणारी एक ठळक रंगाची पट्टी द्या. रंग दिसतोय म्हणजे बसलेलं नाही, हे भाषा न कळणाऱ्यालाही कळतं, आणि गोंगाटात 'टक्' ऐकू आला नाही तरी डोळा काम करतो.

एकदाच वापरायचा सेट आपल्याकडे पुन्हा वापरला जाऊ शकतो, हेही धरून चाला. खर्च वाचवायला घरची माणसं तेच टोक उकळत्या पाण्यात घालतील. लॅचचा कान पहिल्यांदा उघडताना तुटून पुन्हा बसणारच नाही असा करणं शक्य आहे, पण मग पंप तात्पुरता बंद करून अंघोळीला जाणाऱ्याचं काय? माझं मत, लॅच पुन्हा बसू द्या, पण तुमच्या ठरलेल्या संख्येच्या कितीतरी पट जोडण्या करूनही त्याने शेवटपर्यंत खरंच सांगितलं पाहिजे. झिजलेल्या लॅचने सैल 'टक्' देऊन फसवण्यापेक्षा लागायलाच नकार द्यावा, अशी झीज ठरवून घडवता येते: कानाचं टोक आधी झिजेल, खाच नंतर.

भारतात हे उपकरण २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येईल, वर्ग आणि परवाना सेटचा वेगळा आणि पंपाचा वेगळा पाहावा लागेल. बाजारात गेल्यावरच्या तक्रारी २०१५ पासून चालू असलेल्या मटेरिओव्हिजिलन्स (उपकरणांच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे कळवता येतात. तुमच्या पुस्तिकेत ते लिहा आणि 'सांधा सुटला' आणि 'सांधा अर्धवट होता' असे दोन वेगळे रकाने तक्रारीच्या फॉर्ममध्ये ठेवा. आज बहुतेक फॉर्मांत दोन्ही एकाच 'गळती'खाली जातात आणि कारण शोधता येत नाही.

पुढच्या आठवड्यात थ्री-डी प्रिंटवर आकार तपासणार आहात असं लिहिलंय. आकार आणि पकड तपासायला ते ठीक आहे, सील आणि लॅचसाठी नाही, थर असलेल्या पृष्ठभागावर दोन्हींचे निकाल खोटे येतात. त्यासाठी एका वेळी एकच नग देणारा ॲल्युमिनियमचा साचा करून खऱ्या मटेरियलमधले नग काढा. ते सगळे नग अपारदर्शक काळ्या रंगात ओता आणि प्रत्येकावर क्रमांक घाला. दवाखान्यात चाचणीला नेताना मोजून न्या, मोजून परत आणा. निर्जंतुक न केलेला, मंजुरी नसलेला एखादा नग ट्रेमध्ये राहिला तर गडबडीत तो कुणाच्या तरी लाइनीला लागू शकतो.